ग्लायोब्लास्टोमात ऑक्सिजन कुठं कमी पडतो ते जीनच्या डेटावरून कसं ओळखायचं, तेही साध्या लॅपटॉपवर

दरवर्षी दिवाळीनंतर एमएस्सीची पोरं प्रोजेक्टचं विचारायला लागतात आणि त्यात एक-दोघं तरी म्हणतातच की मॅडम ब्रेन ट्यूमरवर करायचंय पण आपल्याकडं ना सॅम्पल, ना सिक्वेन्सर, ना कमी ऑक्सिजनचं इनक्युबेटर, मग कसं करायचं. नांदेड-परभणी-हिंगोलीकडच्या बहुतेक कॉलेजात हीच गत आहे. पण बाबांनो, ज्या पेशंटांनी आपल्या ट्यूमरचे तुकडे संशोधनाला दिले त्यांचा डेटा आज सगळ्या जगाला फुकट उघडा आहे, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पण उघडतो. फक्त तो वाचायचा कसा हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून पोरं पहिल्याच पायरीला घसरतात आणि "काहीच फरक नाही" असं लिहून मोकळी होतात. ती घसरायची जागा कुठं आहे ते दाखवायला हे लिहितेय.

आधी विषय काय ते. ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मोठ्या माणसांच्या मेंदूतला सगळ्यात आक्रमक आणि मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींत सगळ्यात जास्त सापडणारा ट्यूमर, डब्ल्यूएचओच्या हिशेबानं ग्रेड ४. ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड नावाचं केमोचं औषध हे सगळं करूनसुद्धा २००५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये अर्ध्या पेशंटांचं आयुष्य साधारण १४.६ महिन्यांच्या आतच राहिलं. तो इतका हट्टी असायची कारणं बरीच आहेत, त्यातलं एक मोठं कारण ऑक्सिजनची टंचाई.

टंचाई मला समजावून सांगावी लागत नाही. आमचं शेत परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या चारीच्या टेलला. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण, ९० टक्के भरला असं पेपरात मोठ्या अक्षरात येतं आणि आमच्या बांधावर पाणी येतच नाही, कारण वरच्यांनी मोटारी टाकून घेतलेलं असतं आणि मधी चारी फुटलेली असते. ट्यूमरचं अगदी असंच आहे. रक्तवाहिनीतून ऑक्सिजन शेजारच्या पेशींत झिरपतो तो फार तर १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या एक-दोन जाडीएवढाच, त्याच्या पुढच्या पेशी टेलला. ट्यूमर वाढतो पटापट, त्याच्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या, गळक्या, मधीच गुठळीनं बंद झालेल्या. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, निरोगी मेंदूच्या आत साधारण ४-५ टक्के, आणि ग्लायोब्लास्टोमात काही काही ठिकाणी १ टक्क्याच्याही खाली. आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८! तो धरणाचा आकडा झाला, टेलचा नाही. टेलला पाणी आहे का नाही हे बघायचं असेल तर पिकाची पानं बघावी लागतात. जीन एक्स्प्रेशन म्हणजे ही पानं.

सगळ्या पेशींत जीनचं पुस्तक एकच असतं, कुठली पेशी कुठलं पान उघडून किती कॉप्या काढतेय हे मोजायचं म्हणजे एक्स्प्रेशन. कॉप्या म्हणजे एमआरएनए. ऑक्सिजन कमी पडला की पेशी काही ठराविक पानं उघडते, आणि ती कोण उघडतं तर एचआयएफ१ नावाचं प्रोटीन.

आता तो खड्डा. दरवर्षी पोरं काय करतात, डेटाबेस उघडतात, एचआयएफ१ए हा त्या प्रोटीनचा जीन टाकतात, ट्यूमरचा कडेचा भाग आणि मेलेल्या भागाशेजारचा भाग यांची तुलना करतात. मागच्या साली वसमतची एक पोरगी रात्री अकराला फोन करून जवळजवळ रडायला लागली, "मॅडम, हे तर वाढंनाच की, माझा प्रोजेक्ट चुकला काय." पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, फक्त चुकीचा आकडा बघत होती.

नीट ध्यान देऊन वाचा, पूर्ण लेखात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एचआयएफ१ए जीनवरून बनणारं एचआयएफ१ अल्फा हे प्रोटीन पेशी सारखंच बनवत असते, ऑक्सिजन असो का नसो. ऑक्सिजन असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाची एन्झाइम्स तोच ऑक्सिजन वापरून या प्रोटीनच्या दोन प्रोलिनवर, ४०२ आणि ५६४ नंबरच्या, खूण करतात. खूण झाली की व्हीएचएल नावाचं प्रोटीन त्याला पकडतं, त्यावर युबिक्विटिनचं लेबल लागतं आणि प्रोटिओसोममध्ये त्याचा भुगा होतो, सगळं काही मिनिटांत. ऑक्सिजन नसला की खूणच होत नाही, प्रोटीन टिकतं, केंद्रकात जातं, एआरएनटी नावाच्या जोडीदाराला घेतं आणि डीएनएवरच्या ठराविक अक्षरांपाशी बसून पुढचे जीन चालू करतं. म्हणजे खेळ सगळा प्रोटीन मोडायचं का ठेवायचं यावर आहे, एमआरएनएवर फारसा नाहीच. मग एमआरएनए मोजून ते कसं दिसणार? धरणाचा दरवाजा उघडला का नाही हे दरवाज्याच्या लोखंडाचं वजन करून कळतं का? ही सगळी यंत्रणा उलगडली म्हणून २०१९ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना मिळाला, आणि तरी आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये एचआयएफ१एचा बार ग्राफच पहिल्या पानावर असतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

तर बघायचं काय? एचआयएफनं चालू केलेले जीन बघायचे. माझी यादी अशी: सीए९, व्हीईजीएफए, एडीएम, एनडीआरजी१, एसएलसी२ए१, एलडीएचए, पीजीके१, पीडीके१, बीएनआयपी३. (साइटवर टाकताना इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाका, मी इथं मराठीत लिहितेय.) प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एसएलसी२ए१ म्हणजे ग्लूट१, पेशीत साखर ओढून आणणारं दार. एलडीएचए आणि पीजीके१ त्या साखरेतून ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायच्या कामाचे. पीडीके१ मायटोकॉन्ड्रियाकडं जाणारा माल अडवतो, म्हणजे आहे तो ऑक्सिजन कमी जळावा. व्हीईजीएफए नव्या रक्तवाहिन्या बोलावतो. आणि सीए९ माझा आवडता, कारण निरोगी मेंदूत तो अगदीच कमी असतो, म्हणून वाढला की स्वच्छ दिसतो. एकच जीन घेऊ नका, कारण व्हीईजीएफए हा ईजीएफआरच्या, म्हणजे पेशीला वाढायला सांगणाऱ्या रिसेप्टरच्या, सिग्नलनं पण वाढतो आणि ईजीएफआर तर ग्लायोब्लास्टोमात कितीतरी पेशंटांमध्ये मुळातच जास्त असतो. पाच-सहा जीन एकाच दिशेनं हलले तर मग तिथं टंचाई आहे म्हणायचं.

हातानं यादी करायची नसेल तर एमसिगडीबी नावाच्या साठ्यात हॉलमार्क हायपॉक्सिया (हायपॉक्सिया म्हणजे ऑक्सिजनची टंचाई) म्हणून २०० जीनचा तयार संच मिळतो, तो वापरा. पण सुरुवात माझ्या नऊ जीननं करा असंच मी सांगेन, २०० मध्ये पोरं हरवतात, कुठला जीन काय करतो हे डोक्यात बसत नाही आणि व्हायव्हाला बोबडी वळते.

पहिलं काम: आयव्ही ग्लायोब्लास्टोमा ॲटलस उघडा. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटच्या साइटवर आहे, २०१८ मध्ये सायन्समध्ये छापून आलं. ४१ पेशंटांचे ट्यूमर आहेत. याची खासियत अशी की त्यांनी ट्यूमर मिक्सरमध्ये घालून एकच आकडा काढला नाही, तर स्लाइड बघून लेझरनं एकेक भाग कापून घेतला आणि प्रत्येकाचं वेगळं आरएनए सिक्वेन्सिंग केलं. कडेचा भाग, पसरत चाललेला भाग, पेशींनी गच्च भरलेला भाग, वाढलेल्या रक्तवाहिन्यांचा भाग, आणि मेलेल्या भागाभोवतीच्या स्यूडोपॅलिसेडिंग पेशी.

ग्राफ काढायच्या आधी एक तास नुसत्या स्लाइडी बघा. खरंच बघा, घाई करू नका. गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर मधी फिकट, काही न उरलेला डाग दिसेल, ती मेलेली जागा, आणि त्याच्या काठानं लांबट गडद केंद्रकांच्या पेशी दाटीवाटीनं, एकमेकीला खेटून, डागाकडं टोक करून उभ्या. याच त्या स्यूडोपॅलिसेडिंग पेशी. बरीच वर्षं लोकांना त्या नुसत्या मरणाच्या कडेला उरलेल्या पेशी वाटायच्या. नंतर लक्षात आलं की या पेशींत एचआयएफ भरलेलं असतं आणि त्या तिथनं बाहेर सरकत असतात. मधली रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली, ऑक्सिजन आटला आणि पेशी निघाल्या. बीडकडं पाणी आटलं की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात तशी. म्हणून टंचाई नुसती पेशी मारत नाही, ती पेशींना फिरायला शिकवते, आणि मेंदूत फिरणारी पेशी म्हणजे सर्जनच्या हातातनं निसटलेली पेशी.

स्लाइड डोळ्यात बसली की मग जीन टाका. त्याच साइटवर भागानुसार आकडे मिळतात, नाहीतर ग्लायोव्हिस नावाची साइट आहे, तिथं डेटासेटमध्ये आयव्ही गॅप (म्हणजे हाच ॲटलस) निवडून जीनचं नाव टाकलं की बॉक्सप्लॉट तयार. आधी एचआयएफ१ए टाका, मग सीए९, मग एडीएम. तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. सीए९ आणि एडीएम स्यूडोपॅलिसेडिंगच्या खान्यात ताडकन वर उठलेले दिसतात आणि एचआयएफ१ए तसा उठत नाही. वसमतच्या पोरीला मी फोनवरच हे करायला लावलं, दोन मिनिटं तिकडनं आवाजच आला नाही, मग म्हणाली, "मॅडम, हे तर लई वर गेलं की ओ." तो तिच्या प्रोजेक्टचा पहिला ग्राफ झाला.

आकडे वाचताना उभ्या रेघेवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी लॉग २ असतं. म्हणजे ५ आणि ८ मध्ये फरक तीनाचा नाही, आठ पटीचा. एक घर वर म्हणजे दुप्पट, दोन घरं म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. हे न बघता "किंचित वाढ" असं लिहिणारे मी पाहिलेत आणि परीक्षकानं तिथंच धरलं.

अजून एक ठिकाण जिथं चांगली पोरंसुद्धा फसतात. भागनिहाय सिक्वेन्सिंगचे हे तुकडे मोजक्याच ट्यूमरमधून आलेत, एकाच पेशंटचे पाच-दहा तुकडे आहेत. म्हणून शंभर तुकडे म्हणजे शंभर पेशंट नाहीत. एकाच शिवारातल्या दहा ओळी मोजून दहा गावांचा दुष्काळ सिद्ध होतो का? साधी टी-टेस्ट सगळ्या तुकड्यांवर लावली तर पी व्हॅल्यू फसवी छोटी येते. बरोबर पद्धत अशी की प्रत्येक पेशंटमध्ये त्याच्याच कडेच्या भागाची सरासरी आणि त्याच्याच स्यूडोपॅलिसेडिंग भागाची सरासरी काढायची, वजाबाकी करायची आणि मग पेशंटांची संख्या धरून जोडीची टेस्ट लावायची. आकडा लहान दिसेल, पण खरा असेल.

हे झालं की दुसरं काम, मोठा डेटा. टीसीजीए म्हणजे द कॅन्सर जीनोम ॲटलस, त्यांनी अभ्यासलेला पहिला कॅन्सर ग्लायोब्लास्टोमाच होता, २००८ मध्ये नेचरला छापला. सीबायोपोर्टल या साइटवर ग्लायोब्लास्टोमाचे टीसीजीएचे दोन-चार संच दिसतील, पॅनकॅन्सर ॲटलासचा घ्या, त्यात दीडशेच्या आसपास ट्यूमरचं आरएनए सिक्वेन्सिंग आहे. जुन्या संचात मायक्रोॲरे, म्हणजे एक्स्प्रेशन मोजायची जुनी पद्धत, पण आहे, ते आणि आरएनए सिक्वेन्सिंग एका खान्यात मिसळू नका, मापंच वेगळी आहेत.

घेतल्या घेतल्या पहिली चाळणी आयडीएच या जीनची. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर ग्लायोब्लास्टोमा म्हणजे फक्त आयडीएच नॉर्मल असलेला, आयडीएच बदललेला असेल तर तो ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड ४, वेगळा आजार, तुलनेनं जास्त आयुष्य. जुन्या डेटात दोन्ही एकाच नावाखाली पडलेत. न चाळता सर्व्हायव्हलचा ग्राफ काढला तर जो फरक दिसेल तो ऑक्सिजनचा का आयडीएचचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग नऊ जीनचा मिळून एक स्कोर काढा. प्रत्येक जीनचा झेड स्कोर, म्हणजे सरासरीपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन लांब, आणि नऊंची सरासरी. एक्सेलमध्ये होतं. इथं एक्सेलचं एक दुखणं लक्षात ठेवा, काही जीनची नावं ते तारखेत बदलतं, मार्च१ चं १ मार्च होतं, सेप्ट२ चं २ सप्टेंबर. हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये त्या जीनची नावंच बदलली. म्हणून फाइल उघडतानाच जीनच्या कॉलमला टेक्स्ट करून घ्या.

स्कोर आला की तो सबटाइपशी लावून बघा. २०१० मध्ये टीसीजीएच्या डेटावरून ग्लायोब्लास्टोमाचे चार गट केले होते: प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल, मेसेन्कायमल, त्यातला न्यूरल पुढं गळाला कारण तो बराचसा मिसळलेल्या निरोगी मेंदूचाच निघाला. टंचाईचा स्कोर मेसेन्कायमलकडं झुकतो. २०१९ मध्ये एकेक पेशी वेगळी मोजली तेव्हा मेसेन्कायमल पेशींतसुद्धा दोन तऱ्हा सापडल्या, एक टंचाईशी जोडलेली आणि एक नाही. म्हणजे मेसेन्कायमल दिसलं की लगेच ऑक्सिजन कमी असं लिहायचं नाही.

आणि टीसीजीएची एक मर्यादा प्रोजेक्टमध्ये स्वतःहून लिहा, परीक्षकानं विचारायच्या आधी. तिथं ट्यूमर पेशींनी भरलेले आणि फार नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग, नसलेले तुकडेच निवडले होते, म्हणजे सगळ्यात कोरडा भाग निवडतानाच बाजूला पडला. शिवाय आख्खा तुकडा एकत्र दळलेला, त्यात ट्यूमर, रक्तवाहिनी, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या राखणदार पेशी) सगळं. आणि ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बांधल्यापासून तुकडा गोठवेपर्यंत जो वेळ जातो त्यात पण पेशींना ऑक्सिजन नसतो, काही जीन तेवढ्यात हलतात. म्हणून मी म्हणते आधी आयव्ही ॲटलस, मग टीसीजीए. एकात जागा कळते, दुसऱ्यात संख्या.

कुणाला पुढं लॅबमध्ये पीसीआर करायला मिळालं तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, गॅपडीएचला आधार, म्हणजे बाकी जीन ज्याच्याशी मापायचे तो न हलणारा जीन, धरू नका. आपल्याकडं सवयीनं सगळे गॅपडीएचच घेतात, पण तो ग्लायकोलिसिसचा जीन आहे आणि ऑक्सिजन कमी झाला की स्वतःच वाढतो. ज्या काठीनं मापायचं तीच लांब झाली तर माप काय येणार? टीबीपीसारखा दुसरा घ्या, आणि एकाऐवजी दोन घ्या. आणि पेशी साध्या इनक्युबेटरमध्ये वाढवल्या तर त्यांना हवेतल्याएवढाच, २० टक्क्यांच्या जवळपास ऑक्सिजन मिळतो, जो मेंदूतल्या कुठल्याच पेशीनं कधी पाहिलेला नसतो. तिथला "नॉर्मल" हा मेंदूतला नॉर्मल नाही, हे वाक्य प्रोजेक्टमध्ये टाका.

निष्कर्ष लिहिताना हात आवरा. "व्हीईजीएफए वाढलेला आहे म्हणून तो अडवला की पेशंट बरा होईल" असं दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये असतं. हे करून झालंय. बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफ अडवणारं औषध अमेरिकेत २००९ मध्ये परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मंजूर झालं, मग नव्या पेशंटांवर दोन मोठ्या ट्रायल झाल्या, २०१४ मध्ये निकाल आले, आजार वाढायला थोडा उशीर लागला पण एकूण आयुष्य वाढलं नाही. सूज कमी होते, स्टिरॉइड कमी लागतं, तो फायदा पेशंटच्या घरच्यांना विचारा केवढा असतो, पण आयुष्य वाढलं नाही ते नाहीच. तुमच्या डेटातून एवढंच म्हणता येतं की अमुक भागात टंचाईचे जीन एकत्र वर आहेत. कारण आणि इलाज यावर बोलायला वेगळे प्रयोग लागतात.

विषय कळला की गावाकडनं फोन येतील, माझ्याकडं येतात, की आमच्या मामांना हाच आजार आहे, ट्यूमरला ऑक्सिजन कमी पडतो म्हणता तर घरी सिलेंडर लावू का. त्यांना नीट, न चिडता सांगा. रक्तात ऑक्सिजन भरलेलाच आहे, ९८ चा १०० करून टेलला पाणी पोचत नाही, अडचण चारीत आहे. टंचाईतल्या पेशी रेडिएशनलाही दाद देत नाहीत, ऑक्सिजन असलेल्या पेशींपेक्षा अडीच-तीन पट डोस लागतो, म्हणून डॉक्टर लोक कित्येक दशकं या प्रश्नामागं आहेत आणि तो सिलेंडरनं सुटला असता तर कधीच सुटला असता. घरच्यांनी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आणि एमजीएमटी (डीएनए दुरुस्त करणारा जीन) या दोन गोष्टी लिहिल्यात का ते बघावं, नसतील तर डॉक्टरांना विचारावं. एमजीएमटी प्रमोटर मेथिलेटेड, म्हणजे तो जीन दाबलेला, असेल तर टेमोझोलोमाइडचा उपयोग जास्त होतो, आज त्यांच्या उपयोगाची माहिती ही आहे.

प्रोजेक्ट जमा करताना फाइलमध्ये या गोष्टी असू द्या: कुठला डेटासेट, कुठल्या तारखेला उतरवला, कुठले पेशंट का गाळले, नऊ जीनची यादी आणि प्रत्येकाचं एका ओळीत काम, स्लाइडचं एक चित्र, एचआयएफ१ए आणि सीए९ चे दोन ग्राफ शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली तुमच्या स्वतःच्या शब्दांत दोन ओळी की एक हलला आणि दुसरा का हलला नाही. त्या दोन ओळी कुठनं कॉपी करू नका. वसमतच्या पोरीनं लिहिलं होतं, "एचआयएफ१ए ची कॉपी दोन्हीकडं आहे, फरक त्याला मोडायला ऑक्सिजन आहे का नाही याचा आहे." परीक्षकानं त्यावरच वीस मिनिटं विचारलं आणि तिनं सगळी उत्तरं दिली.